ओरा बरा की घार

माझं आणि वहिनीचं भांडण वर्षानुवर्षं एकाच गोष्टीवरून चालायचं. ओरा बरा की घार. इतर घरांत सुनेवरून, शेळीवरून, पाण्याच्या हंड्यावरून वाद होतात. आमच्याकडे सुनेवरून कधी झाला नाही, कारण नुर्दियासारख्या सुनेवरून भांडायचं म्हणजे आपणच मूर्ख ठरायचं. मग उरलं काय, तर जमिनीवरून सरपटणारं एक, म्हणजे आमच्या बेटावरचा माणसाहून लांब, घोरपडीसारखा ओरा, आणि आभाळात फिरणारं एक.

मी माझ्या घराखाली बसायचो. आमची घरं उंच खांबांवर असल्यामुळे खाली चांगली सावली असते. तिथे मांडीत लाकूड घेऊन मी ओरा कोरायचो, बोटीतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. समोरच माझ्या वारलेल्या भावाचं, साहारिया वहिनीचं घर, आणि दोन्ही घरांच्या मधे तिची माकुल वाळवायची मचाणं. पलीकडे समुद्र. दुपारी तो इतका पांढरा होतो की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं ते सांगता येत नाही. त्या वेळी आमच्या गावात कुणी पूर्ण जागं नसतं आणि पूर्ण झोपलेलंही नसतं. बोलणी होतात तीही अर्धे डोळे मिटून, आणि संध्याकाळी कोण काय म्हणालं होतं ते दोघांनाही नीट आठवत नाही.

अशा वेळी आधी सावली यायची. मचाणावरून अलगद सरकायची, आणि एक माकुल कमी व्हायचं. तोवर घार खाडीवर पोचलेली असायची, पांढऱ्या डोक्याची, तांबड्या पाठीची, काही घडलंच नाही अशा थाटात. वहिनी खडबडून उठायची आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. हाच ओरा झुडपातून जीभ लपलपवत आला, तर मात्र पाय वर घेऊन त्याच्याशी गोड बोलायची. "ये रे बाबा. शेळीकडे तेवढं बघू नको," म्हणायची. ओरा शेळीकडेच बघत असायचा.

तिचं म्हणणं असं, की ओरा कष्टाचं खातो. हरणाच्या वाटेवर ओंडक्यासारखा पडून राहतो, एकदा चावतो, आणि मग ते हरीण कोसळेपर्यंत न कंटाळता मागे मागे चालतो. खातो ते पण सगळं, हाडं, खूर, कातडं, काही टाकत नाही. घार म्हणजे फुकटी. दुसऱ्यानं मारलेलं खाणार, नाहीतर दुसऱ्यानं वाळत घातलेलं. मी म्हणायचो, घारीनं आजवर कुणाचा जीव घेतला ते दाखव. आणि तुझा ओरा तरी ताजं-शिळं कुठे बघतो? डोंगरापलीकडे काही कुजलं की वास घेत निघालाच. मेलेलं दोघंही खातात. घार निदान उघड्यावर येते. ती वर फिरायला लागली की खाली काहीतरी आहे हे सगळ्यांना कळतं, ओरा कुणाला काही सांगत नाही.

"सांगणाऱ्यांनीच या गावाचं वाटोळं केलंय," वहिनी म्हणायची, आणि विषय तिथे मिटायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचा.

खरं सांगायचं तर घारीची बाजू घ्यायला मला माझं कारण होतं. ओरा कोरून कोरून मी विटलो होतो. मी झोपेत असलो तरी हात आपले शेपटी काढून मोकळे व्हायचे. एकदा हौसेनं घार कोरायला घेतली. दोनदा पंख तुटले, तिसऱ्यांदा टिकले, आणि एका पाहुणीनं ती हातात घेऊन विचारलं की ही कोंबडी केवढ्याला. वहिनी त्यावर पावसाळा लागेपर्यंत हसत होती. ती तशी हसायची तेव्हा तिचा मुलगा घरात होता.

इशाका तिचा एकुलता एक मुलगा, नुर्दियाचा नवरा. माझा पुतण्या. पश्चिमेचा वारा सरता सरता तो माकुल पकडायच्या दिव्यांच्या होडीवर दक्षिणेकडे गेला आणि होडी परत आली नाही. गावातले पुरुष शोधायला गेलो. दोन फळ्या सापडल्या, माणूस एकही नाही. परत आल्यावर आम्ही किनाऱ्यावर नुसते बसून राहिलो, कारण वर जाऊन बायकांना काय सांगायचं ते कुणालाच सुचत नव्हतं.

आमच्याकडे प्रत्येक माणसाला ओरांमध्ये एक जुळं भावंड असतं असं मानतात. बहुतेकांना आपलं कुठलं ते माहीत नसतं. इशाकाचा मात्र सगळ्या गावाला ठाऊक होता. लहानपणी इशाका झाडावरून पडला आणि त्याचा डावा पाय मोडला. त्याच सुमारास पुढच्या डाव्या पायाची बोटं गेलेला एक ओरा लंगडत पाणवठ्यावर यायला लागला. आधी कोण लंगडला, इशाका की तो, हे कुणी तपासलं नाही. असल्या गोष्टी तपासायच्या नसतात. गाव त्याला लंगडा म्हणायचं, आणि इशाका मोठा होऊन त्याचा पाय पार बरा झाला तरी लंगड्याचं नातं काही तुटलं नाही.

तर होडी गेली तेव्हा वहिनी रडली नाही. ओराला दूर ठेवायची दुबेळकी काठी घेतली आणि डोंगरापायथ्याच्या पाणवठ्यावर जाऊन बसली. दिवस कलला तसा लंगडा आला, पोटभर पाणी प्याला, सावकाश निघून गेला. वहिनी घरी आली आणि चूल पेटवली. तो खातोय-पितोय म्हणजे इशाकाही कुठेतरी खातोय-पितोय, एवढं बोलली. गावानं ते ऐकून घेतलं. मीही घेतलं. मला तरी तो मेलेला कुठे हवा होता?

मग हा रिवाजच पडला. थोड्या थोड्या दिवसांनी ती वर जायची आणि बातमी घेऊन यायची. आज उन्हात पडला होता. आज रानडुकराचं मुंडकं खाल्लं. मुलगा परमुलखात कामाला असावा आणि त्याची खुशाली यावी तशा त्या बातम्या जेवताना निघायच्या. नुर्दिया मान खाली घालून ऐकायची आणि दरवेळी म्हणायची, "बरं झालं."

दुपारी वहिनीला स्वप्न पडायचं. ते ती मलाच सांगायची, मचाणाशी बसून, अजून अर्धी त्यातच असल्यासारखी. लंगडा जिना चढून वर येतो. पुढचा डावा पाय प्रत्येक पायरीवर जरा उशिरा टेकतो. वर येऊन चटईवर बसतो आणि कॉफी मागतो. ती पेला भरून पुढे ठेवते तेव्हा तो ओरा नसतो, पण इशाकाही नसतो, दोघांच्या मधलं काहीतरी असतं, आणि तिला त्याची भीती वाटत नाही. तो म्हणतो, आई, इथलं पाणी गोड आहे. ती विचारते, इथलं म्हणजे कुठलं रे. आणि नेमकी त्याच वेळी मचाणावर सावली पडते आणि ती जागी होते.

"मेलीनं माकुल नेलं ते नेलं," ती म्हणायची, "माझं स्वप्नही खाल्लं."

घारीची बाजू घ्यायची तेव्हापासून मला लाज वाटायला लागली. तरी मी घ्यायचो, कारण भांडलो नसतो तर तिला कळलं असतं की मला तिची कीव येते.

अर्साद आला तो उन्हाळी वारे सुरू झाल्यावर. शेजारच्या रिंचा बेटावरचा, बायको वारलेली, स्वतःची होडी. तो आमच्याकडे तांदूळ आणि गोडं पाणी घेऊन यायचा. एका दुपारी मी पेंगत पेंगत लाकूड तासत होतो तेव्हा पलीकडून नुर्दियाचं हसणं ऐकू आलं. तो काहीतरी म्हणाला होता आणि ती हसली होती, एवढंच. माझा हात थांबला. त्या घरातून हसू येणं मी विसरूनच गेलो होतो, आणि ते किती तरुण मुलीचं हसू होतं हे ऐकून मला स्वतःचाच राग आला.

अर्साद रीत सोडून वागला नाही. आधी माझ्यापाशी येऊन बसला, घरातला मोठा पुरुष म्हणून. लाकडाचे छिलके बोटांनी चुरत त्यानं नुर्दियाशी लग्नाचं विचारलं. मी इमामाकडे गेलो. इमाम म्हणाले, इशाकाची नमाज वाचली, मयत समोर नसली तरी वाचता येते ती, की मग नुर्दियाचे सुतकाचे महिने सुरू होतील, आणि ते सरले की पुढचं ठरवता येईल. पण आई जोवर म्हणते आहे की मुलगा जिवंत आहे, तोवर मी वाचणार नाही. तिच्या तोंडून येऊ दे.

मी नुर्दियाला एकटीला गाठलं. ती माकुल उलटत होती.

"काका, आई हो म्हणेपर्यंत हा विषय नको," ती म्हणाली.

"आणि तुझं काय?"

तिनं ओळीतलं एकेक माकुल उलटलं. ओळ संपली तेव्हा म्हणाली, "माझं काय." ते तिनं असं म्हटलं की मला तिच्याकडे बघवेना.

अर्सादनं सांगितलं की तो वारे फिरेपर्यंत थांबेल. त्यानंतर त्याच्या बहिणी थांबू देणार नाहीत. हे त्यानं धमकीनं सांगितलं नाही, ओशाळून सांगितलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

शेवटी मी वहिनीकडे विषय काढला. सरळ काढायची छाती नव्हती, म्हणून वाऱ्यापासून सुरुवात केली, मग होड्या, मग रिंचा. तिनं मला सगळं बोलू दिलं.

"मुक्सिन, मी काल त्याला पाहिलं," ती म्हणाली. "उन्हात पडला होता. पोट गच्च भरलेलं होतं. जेवून सुस्तावलेल्या माणसाची नमाज कोण वाचतं, तूच सांग."

घारीवरून मी तिच्याशी तासन्‌तास शब्दाला शब्द लावायचो, आणि इथे नुसता उठून घरी आलो.

वारे फिरायला थोडाच अवकाश होता. डोंगर वाळून पिवळे पडले होते आणि उन्हात सगळंच हलताना दिसायचं, घरं, होड्या, बांधलेल्या शेळ्या. त्या सकाळी मी बराच वेळ काम केल्यावर माझ्या लक्षात आलं की आज मचाणावर सावली पडलीच नाही. माकुल सगळी जागच्या जागी. मी वर पाहिलं. पाणवठ्याच्या मागच्या घळीवर घारी फिरत होत्या. आधी थोड्या होत्या, मग बघता बघता इतक्या झाल्या की आमच्या एका गावाच्या त्या नक्कीच नव्हत्या. कुणाचा आवाज नाही. नुसत्या गोल गोल, जणू आभाळ कुणीतरी हळूहळू ढवळतंय.

वहिनीही बघत होती. तिनं शिवी दिली नाही. "हरीण मेलं असेल," म्हणाली, काठी घेतली आणि निघाली. मी थोडा वेळ लाकूड तासत राहिलो आणि नको तिथे खोल गेलो. मग पटाशी टाकली आणि तिच्या मागे निघालो.

वर जाताना गवत कमरेएवढं होतं आणि चालताना कागदासारखं वाजत होतं. ताडाच्या सावल्या इतक्या आखूड झाल्या होत्या की त्यांत उभंही राहता येईना. मला वाटत होतं मी चालतोय आणि डोंगर तिथेच आहे. मी जागा होतो की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

लंगडा घळीतल्या कोरड्या ओहोळात पडला होता. मानेवर मोठी जखम होती, दुसऱ्या ओराची, आणि ती बरेच दिवस चिघळलेली दिसत होती. म्हणजे पोट गच्च भरून उन्हात पडला होता ते काही खरं नव्हतं. किंवा खरं असेल, आणि वहिनीनं पोट तेवढं पाहिलं असेल, मान पाहिली नसेल. बोटं नसलेला पाय पुढे होता, पाऊल टाकता टाकता थांबल्यासारखा. घारी भोवतीच्या खडकांवर बसल्या होत्या. वहिनी दगड उचलत होती. मला वाटलं घारींना मारायला. पण ती दगड नेऊन त्याच्या अंगावर ठेवत होती.

आम्ही आमच्या कबरींवर दगड रचतो. पुरुषांनाच उचलता येतील एवढे जड, मोठा ढीग, आणि त्यावर किनाऱ्यावरचं पांढरं पोवळं. कारण ओरा उकरतो. भावंड असला तरी नाकापुढे त्याचं काही चालत नाही. आमच्यातल्या प्रत्येकानं लहानपणी कुणा ना कुणाच्या कबरीवर दगड वाहून नेलेला आहे. माणसाला ओरापासून वाचवायला दगड रचतात. ओरावर दगड रचताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"वहिनी, हे काय चालवलंयस?"

"दिसत नाही का? तुझे हात रिकामेच आहेत ना?"

"अभयारण्याच्या रेंजरला सांगावं लागेल. ओरा मेला की सांगावं लागतं."

"रेंजरला कळलं की गावाला कळलं. गावाला कळलं की इमाम नमाजेसाठी हातपाय धुऊन वजू करायला बसले." तिचा श्वास लागला होता. "हा मेलेला नाही, मुक्सिन. विचारलं तर हा पाणवठ्यावर येतो. एवढंच बोलायचं."

घार खरं बोलली होती. इतक्या वर्षांच्या भांडणात असा बिनतोड पुरावा मला कधी मिळाला नव्हता, आणि तो मला नको होता. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दगड उचलायला लागलो. मला तिचा राग आला होता. आणि प्रत्येक दगड ठेवताना वाटत होतं की हा आपण त्या पोरीच्या छातीवर ठेवतोय. तरी ठेवत राहिलो. घारी खडकांवर बसून आमच्याकडे बघत होत्या. त्यांना घाई नव्हती.

संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवलो. चिंचेतलं माशाचं सार होतं. नुर्दियानं वाढता वाढता विचारलं, "आई, घारी कशावर होत्या?"

"हरणावर."

"आणि तो?"

"आला होता पाण्यावर. प्याला. बरा आहे."

"बरं झालं," नुर्दिया म्हणाली, आणि माशाचा मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला. मी तो ताटाच्या कडेला सारला.

त्यानंतर वहिनीच्या बातम्या वाढल्या. पूर्वी थोड्या दिवसांनी यायच्या, आता रोज. लंगड्यानं हे केलं, लंगड्यानं ते केलं, त्यानं उभ्या आयुष्यात केलं नसेल एवढं. आणि दुपारी ती झोपायची थांबली. एकदा माझ्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, जिना रिकामा असतो हल्ली. मी तिथे पेला भरून बसलेली असते आणि कुणी येत नाही. त्यापेक्षा जागं राहिलेलं बरं. माकुल तशीच उघडी पडलेली असायची. घारी येऊन नेत होत्या आणि ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. मीच कधीतरी हात हलवून हुसकायचो.

एका सकाळी इमाम मचाणापाशी थांबले. चांगला माणूस. टोमणा मारण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

"साहारिया, तो लंगडा हल्ली कुणाला दिसत नाही म्हणतात," ते म्हणाले.

वहिनीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी मचाणाच्या पलीकडून नुर्दिया बोलली. "मी पाहिला की आज पहाटे. पाण्यावर होता." इमामांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलली. इमामांनी मान हलवली आणि गेले.

मला वाटलं, भोळी पोर. सासूच्या शब्दावर विश्वास ठेवून वर आपली भर घालते आहे. पण वहिनीचा चेहरा उतरला होता. दुसऱ्या दुपारी, सगळं गाव उन्हात पेंगत असताना, माझ्या घराखाली येऊन उभी राहिली.

"चल, वर जाऊन येऊ. घारींनी दगड हलवले असतील."

घारी दगड हलवत नाहीत हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी उठलो.

घळीत त्या दिवशी घार नव्हती. आम्ही केलेला ढीग घाईचा, वेडावाकडा होता, शेपटीचं टोक तर उघडंच राहिलं होतं. आता ते झाकलेलं होतं. मोठ्या दगडांच्या फटींत बारीक दगड घट्ट बसवले होते. कुणीतरी वेळ काढून, बसून केलेलं काम होतं ते. आणि ढिगाच्या माथ्यावर पांढरं पोवळं मांडलं होतं. पोवळं डोंगरावर मिळत नाही. किनाऱ्यावरून, ती सगळी चढण चढून, कुणीतरी ते पदरात घालून आणलं होतं, एका खेपेत आणता येईल त्याहून कितीतरी जास्त.

मांडणी दक्षिणोत्तर होती, आमच्या कबरी असतात तशी. खाली ओरा आडवा पडला होता, पण पोवळ्यानं त्याची दिशा धरली नव्हती. त्याची लांबीही धरली नव्हती. ते ओराच्या लांबीचं नव्हतंच. एका माणसाच्या लांबीचं होतं.

वहिनी ढिगाशेजारी खाली बसली आणि एक पोवळं बोटानं चाचपलं.

"कधी येत असेल ही?"

"पहाटे. पाणी आणायला म्हणून निघते तेव्हा."

"आणि मी तिला रोज सांगतेय, प्याला, बरा आहे." ती पोवळ्याकडेच बघत होती. "पोरीनं नवऱ्याला एकटीनं पुरलं, मुक्सिन. आणि घरी येऊन मला म्हणाली, बरं झालं."

मग ती रडली. होडी गेल्यापासून पहिल्यांदा. आवाज न करता सुरुवात झाली, आणि मग घळ भरून गेली. मी तिच्याजवळ बसलो. मला इशाका आठवत होता, मोठा झालेला, धडधाकट पायांचा, होडीत चढताना मागे वळून काहीतरी ओरडलेला. काय ओरडला होता ते वाऱ्यात ऐकू आलं नव्हतं. आम्ही दोघं सावली लांब होईपर्यंत तिथे होतो. उठताना तिनं एक दगड उचलून ढिगावर ठेवला, आणि मीही ठेवला, आणि या वेळी तो कुणासाठी आहे हे आम्हा दोघांना माहीत होतं.

खाली उतरल्यावर ती घरी गेली नाही. मला इमामांकडे पाठवलं. "सांग, आईनं सांगितलंय. उद्या वाचा." आणि स्वतः मचाणाकडे निघाली. इमामांकडे निघायचं सोडून मी माझ्या खांबाशी थांबलो.

नुर्दिया वाळलेली माकुल टोपलीत भरत होती. वहिनी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. पोरीनं सासूचे लाल डोळे पाहिले, मातीनं भरलेले हात पाहिले, आणि तिचे स्वतःचे हात टोपलीतच थांबले.

"उद्या इशाकाची नमाज आहे," वहिनी म्हणाली. "मोठ्यानं रडायचं. सगळ्या गावाला ऐकू जाऊ दे. माझ्यासाठी आवाज दाबायचा नाही."

नुर्दियानं मान हलवली. टोपली खाली ठेवायला वाकली ती तशीच मचाणाचा बांबू धरून मातीत बसली. तिचं रडणं उद्यापर्यंत थांबलं नाही.